हळद पावडर, अर्क की कॅप्सूल? कुरकुमीनचे प्रकार, त्यांचे शोषण आणि आपल्या हळदीचे मोल

फेब्रुवारी संपत आला की रावेर, यावल, चोपड्याच्या केळी पट्ट्यात हळद शिजवल्याचा वास येऊ लागतो. केळीनंतर फेरपालट म्हणून हळद घेणारे शेतकरी तापीकाठी आता नवे राहिलेले नाहीत. या शेतकऱ्यांकडून अलीकडे लागवडीपेक्षा वेगळेच प्रश्न जास्त येतात. ‘साहेब, कॅप्सूलमध्ये ९५ टक्के कुरकुमीन असते म्हणतात, मग आपल्या हळदीत किती?’ ‘मिऱ्याबरोबर घेतली तर वीसपट लागू पडते, हे खरे का?’ ‘गटाने पावडरऐवजी अर्कच काढला तर?’

या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच गोंधळ आहे. मालात कुरकुमीन किती आहे, ही एक गोष्ट आणि खाल्ल्यावर त्यातले रक्तात किती पोचते, ही दुसरी. पहिली तुमच्या शेतात, शिजवणीत आणि वाळवणीत ठरते. दुसरी खाणाऱ्याच्या आतड्यात आणि यकृतात ठरते. विक्रेते या दोन्ही एकत्र करून बोलतात आणि त्यात शेतकऱ्याचा पैसा जातो, कधी कधी प्रकृतीही.

हळकुंडात काय असते

वाळलेल्या हळदीत जातीनुसार, जमिनीनुसार साधारण २ ते ६ टक्के कुरकुमीन असते. व्यवहारात आपण ‘कुरकुमीन’ म्हणतो ती प्रत्यक्षात तीन जवळच्या रंगद्रव्यांची बेरीज असते. त्यांना मिळून कुरकुमिनॉइड म्हणतात आणि त्यात मुख्य वाटा कुरकुमीनचा असतो. शिवाय उडनशील तेल असते, हळदीचा वास त्याचाच. बाकी मोठा भाग पिष्टमय पदार्थ आणि तंतू.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची फुले स्वरूपा ही जात पाच टक्क्यांच्या आसपास कुरकुमीन असलेली म्हणून शिफारस केलेली आहे. कोझिकोडच्या मसाला पिके संशोधन संस्थेच्या प्रभा आणि प्रतिभा या जाती सहा टक्क्यांच्या पुढे जातात. वर्धा जिल्ह्यातील वायगावची हळद जास्त कुरकुमीनसाठी ओळखली जाते आणि तिला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्याकडे बहुतेक लागवड सेलमची आहे. जातीच्या माहितीपत्रकातला आकडा हा चांगल्या व्यवस्थापनात मिळालेला आकडा असतो, तुमच्या पोत्यातला नव्हे. या फरकाकडे पुढे परत येऊ.

शरीर कुरकुमीन सहज का घेत नाही

घरीच पाहा. एका ग्लास पाण्यात चिमूटभर हळद टाकून तासभर ठेवा. बरीचशी तळाशी बसते. तीच हळद गरम तेलात टाका, तेल लगेच पिवळे होते. कुरकुमीन पाण्यात जवळपास विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळते. पोटातला रस मात्र पाणीदार. पहिली अडचण ही.

दुसरी अडचण आतड्यातली. आम्लात कुरकुमीन बऱ्यापैकी टिकते, पण माध्यम उदासीन किंवा अल्कधर्मी झाले की ते तुटू लागते. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे कुंकू करणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तो रंगबदल अल्कलीमुळेच होतो.

तिसरी अडचण सर्वांत मोठी. जे थोडे कुरकुमीन आतड्याच्या भिंतीत शिरते, त्याला तिथेच आणि पुढे यकृतात ग्लुकुरोनिक आम्ल किंवा सल्फेट जोडले जाते. असे जोडलेले रेणू पाण्यात सहज विरघळतात आणि शरीर ते लवकर बाहेर टाकते. स्वीडनमध्ये १९७८ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगात तोंडाने दिलेल्या कुरकुमीनपैकी सुमारे तीन चतुर्थांश विष्ठेतून बाहेर पडले, रक्तात ते नगण्य सापडले. नंतर माणसांवरच्या प्रयोगांतही चित्र फारसे वेगळे दिसले नाही. ग्रॅमच्या हिशेबात दिले तरी रक्तातले मोजमाप नॅनोग्रॅममध्ये.

रक्तात पोचले नाही म्हणजे सगळे वाया गेले, असे मात्र नाही. आतड्यातच त्याचा संपर्क येतो आणि तिथले जिवाणू त्याचे रूपांतरही करतात. पण ‘अमुक मिलिग्रॅम घेतले म्हणजे तेवढे अंगाला लागले’ हा हिशेब चुकीचा आहे.

ओली हळद, पावडर आणि स्वयंपाक

थोडे गणित करू. अर्धा चहाचा चमचा पावडर म्हणजे सुमारे दीड ग्रॅम. हळदीत ३ टक्के कुरकुमीन धरले तर दुधाच्या ग्लासात ४५ मिलिग्रॅम गेले. ५०० मिलिग्रॅमच्या एका कॅप्सूलमध्ये ९५ टक्क्यांचा अर्क असेल तर कुरकुमिनॉइड ४७५ मिलिग्रॅम. तेवढे पावडरीतून मिळवायचे तर एका वेळी १६ ग्रॅम हळद खावी लागेल. म्हणजे पावडर आणि कॅप्सूल यांतला पहिला फरक शोषणाचा नाही, मात्रेचा आहे.

ओल्या हळदीत सुमारे ७५ ते ८० टक्के पाणी असते. त्यामुळे ‘ताजी म्हणून जास्त ताकदीची’ हे वजनाच्या हिशेबाने खरे नाही. तिच्यात उडनशील तेल शाबूत असते, हा तिचा गुण. लोणच्यात ती तेलात मुरते, हेही चांगलेच.

स्वयंपाकात आपली पद्धत अजाणता शास्त्राला धरून आहे. शेवभाजीचा रस्सा करताना हळद तेलात पडते आणि मसाल्यात मिरे असतात. वर आलेल्या तर्रीत जो पिवळा-तांबूस रंग दिसतो, त्यात तेलात उतरलेले कुरकुमीन असते. उष्णतेने काही नुकसान होते. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेच्या २००७ मधील अभ्यासात उकळणे आणि प्रेशर कुकरमध्ये शिजवणे यांत २७ ते ५३ टक्क्यांपर्यंत कुरकुमीन घटलेले दिसले. चिंच असेल तर ही घट कमी होती. म्हणून डाळीत हळद शिट्टीच्या आधी घालण्यापेक्षा फोडणीत घातलेली बरी.

अर्काचे प्रकार

हळदीची पूड द्रावकात भिजवून, द्रावक उडवून जो दाट, तेलकट अर्क मिळतो त्याला ओलिओरेझिन म्हणतात. त्यात कुरकुमीन आणि उडनशील तेल दोन्ही असतात. तो मुख्यतः अन्नप्रक्रिया उद्योगात रंग आणि स्वादासाठी जातो. त्याचे आणखी शुद्धीकरण करून कुरकुमिनॉइडचे स्फटिक वेगळे केले की ‘९५ टक्के’ पावडर मिळते.

आता गंमत पाहा. ९५ टक्के अर्क शुद्ध झाला, पण शोषण सुधारले नाही. उलट सोबतचे तेल निघून गेले. पाण्यात न विरघळणारी वस्तू आणखी सुटी करून ठेवली, एवढेच. म्हणून नुसत्या ९५ टक्के कॅप्सूलने रक्तातले प्रमाण फारसे वाढत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी कंपन्यांनी वेगवेगळ्या वाटा काढल्या.

एक वाट मिऱ्यातल्या पायपरिनची. बंगळूरमधील संशोधकांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास सगळीकडे सांगितला जातो. निरोगी स्वयंसेवकांना २ ग्रॅम कुरकुमीन आणि सोबत २० मिलिग्रॅम पायपरिन दिल्यावर कुरकुमीनची उपलब्धता २००० टक्के, म्हणजे वीसपट वाढली. ‘वीसपट’ आला तो इथून. हा आकडा खरा आहे, पण त्याच अभ्यासातल्या दोन गोष्टी जाहिरातीत येत नाहीत. नुसत्या कुरकुमीनने रक्तातले प्रमाण जवळजवळ शून्य होते, त्याच्या वीसपट म्हणजेही थोडेच. आणि ही वाढ पहिल्या तासाभरातली होती. उंदरांमध्ये याच अभ्यासात वाढ १५४ टक्केच होती. मिऱ्यात सुमारे पाच टक्के पायपरिन धरले तर २० मिलिग्रॅमसाठी ४०० मिलिग्रॅम मिरे लागतात, म्हणजे सात-आठ दाणे. त्यासाठी वेगळी गोळी कशाला, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर योग्यच आहे.

दुसरी वाट स्निग्ध पदार्थाची. कुरकुमीन सोयाबीनच्या लेसिथिनशी बांधतात, किंवा काढून टाकलेले हळदीचेच तेल परत मिसळतात. दुसऱ्या प्रकाराचे मला हसू येते. आधी तेल काढायचे, मग तेच घालून ‘सुधारित’ म्हणून विकायचे. तिसरी वाट कण अतिसूक्ष्म करून पाण्यात पसरतील असे करण्याची, किंवा साबणासारख्या पदार्थाच्या सूक्ष्म थेंबांत ते अडकवण्याची. या प्रकारांत प्रयोगांमधले आकडे सर्वांत मोठे दिसतात. साध्या पावडरीच्या शंभरपटीहूनही जास्त वाढ एका जर्मन अभ्यासात, २०१४ मध्ये, नोंदली गेली.

असा आकडा दिसला की विस्तार कार्यकर्त्याने दोन प्रश्न विचारावेत. पट कशाच्या तुलनेत? तुलना जवळजवळ शून्य शोषण असलेल्या पावडरीशी असेल तर पट आपोआप फुगतो. आणि रक्तात मोजले काय? बहुतेक अभ्यासांत रक्ताच्या नमुन्यावर विकराची प्रक्रिया करून ग्लुकुरोनिक आम्ल जोडलेले कुरकुमीन सुटे करतात आणि मग एकूण मोजतात. शरीराने निकामी करून बाहेर टाकायला काढलेला मालही त्यात मोजला जातो. सुट्या, क्रियाशील कुरकुमीनचा आकडा त्याहून कितीतरी कमी असतो.

जास्त शोषण म्हणजे जास्त फायदा नव्हे

हा भाग घरातल्या वडीलधाऱ्यांना वाचून दाखवा. जेवणातली हळद पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, तिच्याबद्दल घाबरण्याचे कारण नाही. पण शोषण वाढवलेली, मोठ्या मात्रेची कॅप्सूल ही वेगळी वस्तू आहे. संयुक्त अन्न व शेती संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञ समितीने कुरकुमीनसाठी ठरवलेली दैनिक मर्यादा दर किलो वजनाला ३ मिलिग्रॅमपर्यंत आहे. ६० किलोच्या माणसाला ती १८० मिलिग्रॅम होते. ४७५ मिलिग्रॅमची एक कॅप्सूलच तिच्या अडीचपटीहून पुढे जाते.

इटलीत २०१९ मध्ये हळदीची पूरक उत्पादने घेणाऱ्यांमध्ये यकृताला सूज आल्याची प्रकरणे पुढे आली आणि २०२२ मध्ये तिथल्या सरकारने अशा उत्पादनांवर इशारा छापणे बंधनकारक केले. अमेरिकेत २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हळदीशी जोडलेली यकृताच्या इजेची दहा प्रकरणे नोंदली आहेत. त्यांतल्या एका रुग्णाचा मृत्यू झाला आणि तपासलेल्या काही उत्पादनांत पायपरिन आढळले. दहापैकी सात रुग्णांत एक विशिष्ट जनुकीय खूण होती. म्हणजे त्रास सगळ्यांना होत नाही, पण कोणाला होईल हे बाहेरून कळत नाही.

पायपरिन ज्या मार्गाने कुरकुमीनला वाचवते, त्याच मार्गाने ते औषधांचाही निचरा रोखते. फिट्सचे फेनिटॉइन, रक्तदाबाचे प्रोप्रानोलोल, दम्याचे थिओफिलिन यांचे रक्तातले प्रमाण त्याने वाढू शकते. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या सुरू असतील, पित्ताशयात खडे असतील, यकृताचा आजार असेल, शस्त्रक्रिया ठरली असेल किंवा घरात गरोदर बाई असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशी कॅप्सूल घेऊ नका. घेताना डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, भूक मेली तर गोळी थांबवा आणि डबी सोबत घेऊन दवाखान्यात जा. आयुर्वेदिक म्हणून डॉक्टरांना सांगायचे राहून जाते, तसे करू नका.

तुमच्या पोत्यातले कुरकुमीन कुठे जाते

आता शेताकडे. काही वर्षांपूर्वी एका गटाला मी छातीठोक सांगितले होते की तुमच्या हळदीत पाच टक्के कुरकुमीन निघेल, बेणेच तसे आहे. खरेदीदाराच्या अहवालात २.८ टक्के आले. सौदा मोडला आणि गटाने मला बोलावून घेतले. चूक शोधली तेव्हा तीन गोष्टी सापडल्या. दोन शेतांतली हळद नववा महिना लागण्याआधीच काढली होती, कारण पुढच्या केळीची घाई होती. एका भट्टीवर रात्री लक्ष न राहिल्याने माल जादा शिजला होता. आणि नमुना एकाच पोत्याच्या वरच्या थरातून घेतलेला. जातीचा आकडा सांगून मी मोकळा झालो होतो. तेव्हापासून अहवालाशिवाय आकडा सांगत नाही.

पाने वाळून जमिनीवर आडवी होऊ द्या. एप्रिलच्या मध्यापासून मेमध्ये लावलेली सेलम आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये पक्व होते. काढल्यावर दोन-तीन दिवसांत शिजवा. जेठे गड्डे आणि हळकुंडे वेगळी शिजवा, कारण जाडीप्रमाणे वेळ बदलतो. एकत्र टाकली की गड्डा कच्चा राहतो नाहीतर हळकुंड गळते. कढईत ४५ ते ६० मिनिटे लागतात, वाफेच्या कुकरमध्ये बरीच कमी. हळकुंडात काडी सहज घुसली आणि फेस येऊन हळदीचा वास सुटला की झाले. जादा शिजल्यास रंग बिघडतो, कमी शिजल्यास हळकुंड ठिसूळ होते.

वाळवणीसाठी खानदेशाचे मार्चचे ऊन देणगीच आहे. ताडपत्रीवर किंवा सिमेंटच्या खळ्यावर पातळ थर द्या आणि रात्री झाका. १० ते १५ दिवसांत ओलावा १० टक्क्यांपर्यंत येतो, हळकुंड मोडल्यावर खट्‌कन आवाज येतो. ओल्या हळदीच्या सुमारे एक पंचमांश वजन हाती लागते. अख्खे हळकुंड उन्हाला तोंड देते, पण दळलेल्या पावडरीतले कुरकुमीन प्रकाशाने उडते. पारदर्शक पाकिटात दुकानाच्या दारात टांगलेली पावडर म्हणूनच फिकी पडते.

केळी आणि हळद या दोन्हींवर गाठीच्या सूत्रकृमी येतात. फेरपालट करताना मातीचा नमुना तपासून घ्या, नाहीतर एका पिकाचे दुखणे दुसऱ्याला लागते.

गटाने अर्क काढावा का?

सरळ उत्तर, नाही. ४ टक्क्यांच्या एक टन वाळलेल्या हळदीत ४० किलो कुरकुमिनॉइड असतात, त्यासाठी ओली हळद पाच टन लागते. काढताना थोडे मागे राहतेच. अॅसिटोनसारखी ज्वालाग्राही द्रावके, त्यांची पुनर्प्राप्ती, उरलेल्या द्रावकाची तपासणी आणि परवाने हा पत्र्याच्या शेडमध्ये करायचा उद्योग नाही. शिवाय बाजारात रासायनिक पद्धतीने बनवलेले स्वस्त कुरकुमीनही हळदीचे म्हणून मिसळले जाते, त्याच्या भावाशी तुमची स्पर्धा होईल.

अर्क काढणाऱ्या कारखान्याला कच्चा माल देणे मात्र चांगला मार्ग आहे. त्याला पॉलिश नको असते, हळकुंडाची लांबी नको असते, टक्के हवे असतात. काही खरेदीदार न शिजवता वाळवलेल्या चकत्याही घेतात. पण लेखी बोलणे झाल्याशिवाय चकत्या करू नका, सांगली किंवा वसमतच्या बाजारात त्यांना गिऱ्हाईक मिळणे कठीण.

टक्क्यावर सौदा करायचा तर नमुना तुमच्या डोळ्यांदेखत निघाला पाहिजे. लॉटमधल्या अनेक पोत्यांतून वर, मध्ये, खाली असा माल काढा, एकत्र करा, ढीग चार भागांत वाटून समोरासमोरचे दोन भाग बाजूला सारा. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहा. नमुन्याचे दोन भाग करून दोन्हींवर सह्या घ्या आणि एक सीलबंद करून आपल्याजवळ ठेवा. अहवालात टक्केवारी कोरड्या वजनावर आहे की आहे त्या ओलाव्यावर, हे विचारा. १० टक्के ओलाव्याच्या मालात ४ टक्के आले तर तेच कोरड्या वजनावर ४.४४ होतात, आणि सौद्यात हा फरक पैशात उतरतो. चाचणी एचपीएलसीवर करून घ्या. नुसता रंग मोजणाऱ्या पद्धतीला मेटॅनिल यलोसारखा भेसळीचा रंग फसवू शकतो.

पावडर करून विकणाऱ्या गटांनी अन्नसुरक्षा मानके पाळावीत. ओलावा १० टक्क्यांपेक्षा जास्त नको, कुरकुमिनॉइड २ टक्क्यांपेक्षा कमी नको आणि शिशाचे क्रोमेट अजिबात नको. पाकीट अपारदर्शक घ्या. त्यावर लॉटचा तपासलेला कुरकुमीनचा आकडा छापा, मधुमेह किंवा सांधेदुखी बरी होते असे छापू नका, ते कायद्याने चालत नाही.

जनावरांबद्दलही विचारणा होते. गाई-म्हशींच्या कासदाहासाठी राष्ट्रीय दुग्ध विकास मंडळ जो लेप सुचवते, त्यात कोरफड २५० ग्रॅम, हळद पावडर ५० ग्रॅम आणि चुना १५ ग्रॅम असतो. तो कासेवर बाहेरून, दिवसातून अनेकदा, धुऊन पुन्हा लावायचा आहे. इथे आतड्याचा आणि यकृताचा प्रश्नच येत नाही, त्यामुळे साधी घरची पावडर पुरते, महागडा अर्क घेण्याचे कारण नाही. ताप असेल, दुधात रक्त किंवा पू दिसत असेल तर लेपावर थांबू नका, त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवा.